अर्धा जॉब गेटाबाहेर

अण्णा, तुमच्या नातीने कॉम्प्युटरवर खेळायचा गेम बनवला आहे. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असता, "इकायचा कुठं?" सगळ्यात अवघड तेच आहे, म्हणून तिथूनच सांगते. हल्ली गेम डब्यात घालून दुकानात ठेवत नाहीत. इंटरनेटवर एक भलं मोठं दुकान आहे, जगभरचे लोक तिथून गेम उतरवून घेतात. थोडी फी भरली की कोणालाही तिथे आपलं पान उघडता येतं, आणि विक्रीतला हिस्सा दुकान ठेवून घेतं. पण रोज इतके नवे गेम येतात की नुसतं पान उघडून बसणं म्हणजे भोसरीच्या एमआयडीसीत पाटी न लावता शेड टाकण्यासारखं आहे. आपला गेम विक्रीला येण्याआधीच लोकांनी तो 'हवा आहे' म्हणून आपापल्या यादीत टाकलेला असावा लागतो, तरच दुकान तो पुढे मांडतं. त्यासाठी तिथे अधूनमधून जत्रा भरते. त्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या अपुऱ्या गेमचा छोटा नमुना फुकट खेळायला ठेवायचा. पाठीशी कंपनी नसलेल्याला ओळख मिळवायची तीच संधी. हे तिने मला नीट समजावलं होतं. मी ऐकून घेतलं नाही.

ती नोकरी सोडून वर्षभर रहाटणीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे काम करत होती. वर्षभर पुरेल एवढंच गाठीशी होतं. गेम चालला नाही तर पुन्हा नोकरीसाठी हिंजवडीच्या बसमध्ये बसायचं, हे तिचं तिनेच ठरवलेलं. गेम बसस्टँडचा आहे. खेळणारा चौकशीच्या खिडकीत बसतो, लोक येऊन विचारतात, आणि चुकीचं सांगितलं की तो माणूस भलत्याच गावी उतरतो आणि परत येऊन भांडतो. एक म्हातारी दर पाच मिनिटांनी "भोसरीला जाती का ही?" विचारते. मला हसू आलं होतं, पण मी दाखवलं नाही. जत्रेच्या आठ दिवस आधी मी भाजी निवडत होते आणि ती ओट्यावर लॅपटॉप ठेवून नमुना दाखवत होती. बसमधून उतरलेला एक माणूस खांबातून आरपार निघून गेला.

"हे काय?"

"माहितीये गं. होईल ते."

"माणूस खांबातून जातोय आणि हे तू जगाला दाखवणार?"

"आई, नमुना आहे. सगळ्यांचे असेच असतात. लोकच सांगतात काय चुकलंय ते."

"लोक सांगत नाहीत, हसतात. तुझ्या आजोबांच्या शेडच्या गेटातून अर्धवट माल, अर्धा जॉब कधी बाहेर गेला नाही."

"आजोबांना काय माहीत असणार यातलं?"

"त्यांना काम माहीत होतं. तुला आहे का?"

तिने लॅपटॉप मिटला. मी भाजी निवडत राहिले.

हे बोलताना माझ्या डोळ्यापुढे तो क्रेट होता. मी बी.एस्सी. होऊन तुमच्या लोखंडी सुट्या भागांच्या शेडमध्ये पॅकिंग आणि तपासणी बघायला लागले, त्याच्या दुसऱ्या महिन्यातला. शंभरेक ब्रॅकेटच्या कडा घासायच्या राहिल्या होत्या आणि मी तशाच पाठवून दिल्या. तुम्ही स्कूटरवरून चाकणच्या गिऱ्हाइकाकडे गेलात, पायाशी क्रेट ठेवून परत आलात आणि सगळ्यांसमोर एक ब्रॅकेट माझ्या हातात दिलीत. "बोट फिरीव." फिरवलं, तर चरचर कापलं. "आता ज्यो बसवील त्येचं बोट कापंल. अर्धा जॉब धाडायचा न्हाई." एवढंच. पुढे मी दुसऱ्यांच्या कंपनीत क्वालिटीत निवृत्तीपर्यंत नोकरी केली, आणि तेच वाक्य शेकडो पोरापोरींना ऐकवलं.

तिने जत्रेतून नाव काढून घेतलं. खांब, भिंती, पायऱ्या, सगळं दुरुस्त करत बसली. तो आठवडा निघून गेला. पुढची जत्रा इतकी लांब होती की तोवर तिचे पैसे टिकणार नव्हते. गेम यादीत टाकलेली मोजकीच माणसं, त्यातली निम्मी ओळखीची. घरात ती माझ्याशी नीट बोलायची, चहा विचारायची. भांडली असती तर बरं झालं असतं. मग तिने दुसरे रस्ते धरले. एक छोटी साइट आहे, तिथे एकट्याने गेम बनवणारे आपला अपुरा गेमही ठेवू शकतात आणि घेणारा मनाला येईल ते देतो. तिथे ठेवला. स्वतःचं पान केलं, येईल त्याचा ईमेल पत्ता जपून ठेवायला लागली. आणि मागच्या रविवारी निगडीच्या एका हॉलमध्ये असे गेम बनवणाऱ्यांचा मेळावा होता, तिथे टेबल घेतलं. सामान उचलायला मी गेले.

एक गृहस्थ येऊन बसले, कंपनीचा शर्ट घातलेले, बहुधा शिफ्ट सुटून आलेले. खेळायला लागले आणि तिसऱ्याच प्रवाशापाशी अडकले. भलत्याच ठिकाणी बोट दाबत होते. मी सांगायला पुढे झाले, तर हिने माझा दंड धरला. "बोलू नकोस. बघ." ती त्यांच्या पाठीमागे उभी राहून फक्त त्यांचा हात बघत होती आणि वहीत लिहीत होती, हात कुठे थांबला, कुठे मागे आला. ते गृहस्थ हसले, पण गेममधल्या म्हातारीला. "आयला, ही आमच्या आत्यासारखीच करते राव." उठताना त्यांनी फोन काढून गेम यादीत टाकला.

आणि मला तुम्ही दिसलात. मी नववी-दहावीत असेन. सुट्टीत तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून एका गिऱ्हाइकाच्या कंपनीत नेलं होतं. माझ्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं फिक्श्चर, मशीनवर घडवायचा जॉब घट्ट धरून ठेवायचं साधन. रंग नाही, कडा तशाच, एक बोल्ट तर नुसता अडकवलेला. तुम्ही ते ऑपरेटरला दिलंत आणि त्याच्या मागे उभे राहिलात, हाताची घडी घालून. मी म्हटलं, "अण्णा, हे तर झालंच नाही अजून." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "म्हनून तर आनलंय. त्येचा हात कुठं अडतोय ते बगू दे. झाल्यावर बघून काय उपेग?" ऑपरेटर हसला होता. तुम्हीही हसलात.

हे मी विसरले होते का, ते मला सांगता येत नाही. क्रेटची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की तुम्ही तेवढेच उरलात. खरं तर मला माझ्या मुलीला कोणी हसलेलं बघवलं नसतं. ते तोंडाने म्हणायची लाज वाटली, म्हणून तुमचं नाव पुढे केलं.

येत्या शुक्रवारी गेम मोठ्या दुकानात विक्रीला लागतो आहे. यादी थोडी वाढली आहे. पुरेल की नाही, तिलाही माहीत नाही. हे पत्र तिच्या हाती द्यावं असं कालपासून मनात आहे, आणि दिलेलं नाही. त्या दिवशी हॉलमध्ये शेजारच्या टेबलवरच्या मुलीला ती सांगत होती, "जत्रेत नाही गं उतरले. आमचे आजोबा फार कडक होते." मी बाजूला उभी राहून वायर गुंडाळत होते. ती पिशवीत टाकली आणि दुसरी गुंडाळायला घेतली.