ताइफच्या रस्त्यावर संपलेले लाडू

थुवाल, रविवार दुपार

आदरणीय विभावरीताई,

नमस्कार. आम्ही पोचल्याचं उदयने कळवलं आहेच, पण मुलांच्या मेसेजमध्ये "रीच्ड" यापलीकडे काही नसतं, म्हणून मी पेन हातात घेतलं. तुमचा गुडघा कसा आहे? व्याह्यांची साखर आटोक्यात आहे ना? (त्यांना सांगा, बिनसाखरेच्या चहात चार क्रीमची बिस्किटं बुडवली की तो बिनसाखरेचा राहत नाही.) गौरी छान आहे. डॉक्टरांनी अजून अठरा दिवस सांगितले आहेत. तुमचे चिरंजीव सुयश मात्र आपल्यालाच कळा येणार असल्यासारखा चेहरा करून घरभर हिंडत असतात. आता मुद्द्यावर येते. मुद्दा तुमच्या डिंकाच्या लाडवांचा आहे, आणि तो जरा लांबून आणावा लागेल.

धाहरानहून, म्हणजे उदयच्या घरून, इकडे गौरीकडे विमानाने दोन तास लागतात. माझ्या मुलाने मला मोटारीने तीन दिवस आणलं. कारण विचाराल तर पाळणा. तो विमानात चढवता येईना, असं उदयचं म्हणणं. खरं कारण हे की त्याला पेट्रोल पंपांवर खायचं असतं. "आई, हा देश विमानातून दिसत नाही, पंपावर दिसतो," हे वाक्य त्याने आधीच तयार करून ठेवलं असावं. मी गाडीत बसतानाच बजावलं की मी रस्त्यावरच्या कशालाही हात लावणार नाही. माझ्या दशम्या, बाकरवडी आणि चिवडा माझ्याबरोबर आहेत. चारचौघांत, रस्त्याच्या कडेला तोंड हलवणारी मुलगी आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना दिसली तर तिला दिवसभर वर्गाबाहेर उभं करत. बत्तीस वर्षं विमा कंपनीत नोकरी केली, पण फिरतीवर कधी भेळ खाल्ली नाही.

रियाधच्या अलीकडे पहिला पंप लागला. तिथे एक अफगाणी माणूस भट्टीतून परातीएवढी रोटी काढत होता. तिला तमीस म्हणतात. तिच्याबरोबर घोटलेल्या घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, वर जिरं आणि तेलाची धार. आम्हाला पडदा लावलेल्या खोलीत गालिच्यावर बसवलं, पुढ्यात प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरला. ताट नाही, चमचा नाही! मी व्यवस्थापकाला बोलवायला निघाले होते, पण रोटीचा वास आला. मी नुसती कड मोडून पाहिली. गोल रोटीची कड कुठे संपते हे कळत नाही हो, विभावरीताई. उदयला दुसरी मागवावी लागली. त्यावर वेलदोड्याचा कडक चहा, कागदी पेल्यात. (कागदी पेल्याबद्दल मी उदयला ऐकवलं. दुसरा पेलाही कागदीच होता.)

दुसऱ्या दिवशी दुपारी, ताइफ अजून दोनेक तासांवर असताना, जे झालं ते सांगायला हे पत्र आहे. जानेवारीची ऊब देणारी उन्हं, पंपामागे मोकळी जागा, आणि तिथे लोक सतरंज्या टाकून, थर्मास मांडून घरच्यासारखे बसलेले. चहाचं दुकान श्रीवर्धनकडच्या हुसेनमियाँचं. वीस वर्षं इथे आहेत, आणि मराठी ऐकून इतके खूश झाले की आमच्यासाठी खुर्च्या पुसायला धावले. शेजारच्या सतरंजीवर माझ्या वयाची एक बाई होती. तिने न विचारता वाडगाभर जरीश पाठवलं. भरडलेला गहू ताकात शिजवून वर तळलेला कांदा. ज्वारीच्या कण्या आणि कढी एका भांड्यात सुखाने नांदाव्यात तसं लागतं. मी खाल्लं, वाडगा विसळला, आणि रिकामा कसा परत करायचा म्हणून त्यात बाकरवडी घातली.

तिने तो वाडगा खजूर भरून परत पाठवला. मी चिवडा घातला. तो कलीजा नावाच्या वेलदोड्याच्या बिस्किटांनी भरून आला. मी दशम्या घातल्या. तिच्याकडून कॉफीचा अख्खा थर्मासच आला. उदय गाडीत बसून "यल्ला आई, यल्ला!" (म्हणजे चल, चल) ओरडत होता. मी म्हटलं, "यल्ला आपल्या ऑफिसात म्हणायचं." शेवटी हुसेनमियाँच मध्ये पडले.

"मावशी, आता बस करा. ती थांबायची नाय. हिच्या घरात रिकामा भांडा कोनी परत देत नाय."

"मग आमच्यात कोण देतं?"

"झालं तर! दोघी हितंच र्‍हावा. मी चाय पाठवत र्‍हातो."

माझ्याकडे आता गौरीच्या बाळंतपणासाठी तुम्ही दिलेला लाडवांचा डबा तेवढा उरला होता. त्यातले मी चार लाडू वाडग्यात ठेवले. चारच, देवाशपथ. तिने एक फोडला, आतला अळिवाचा दाणा जिभेवर घेऊन पाहिला. मग हुसेनमियाँशी बराच वेळ बोलली. त्यांनी सांगितलं ते असं. तिची मुलगी ताइफला आठ दिवसांची बाळंतीण आहे. खजुरात अळीव कालवून ही तिच्यासाठीच घेऊन चालली आहे; यांच्यातही बाळंतिणीला अळीव देतात. पण जावयाच्या आईने मुलीला आपल्याच घरी ठेवून घेतलंय, सगळं मीच करणार म्हणते, आणि हिला कोणी बोलावलेलंच नाही. ही आपली बरणी घेऊन निघाली आहे. दारातून बरणी आत घेतील, पण आपल्याला घेतील की नाही, तिला माहीत नाही.

हुसेनमियाँ हे सांगत असताना मी पंपावरचे दराचे आकडे वाचत होते. ते अरबीत होते.

मग मी तुमचा डबा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. सगळा. आधीचे चार धरून एक्कावन्न लाडू, तुम्ही मोजून दिलेले. तिने बरणी माझ्या हातात दिली. दोघींनी एकमेकींच्या भाषेत एकमेकींना रागावून घेतलं आणि निघालो.

पुढे हदाच्या घाटात करड्या आयाळीची माकडं कठड्यावर बसलेली असतात. त्यांना पाहून उदय म्हणाला, "गौरीच्या सासूबाईंना सांग, माकडांनी नेले." मी त्याला झापलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई असलं खोटं बोलत नाही. लाडू मी दिले, माझ्या हातांनी दिले, आणि तुम्हाला न विचारता दिले. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. तेवढा तुमचा हक्क आहे.

व्याह्यांना नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमची विहीण,
मधुमती

ता.क. गौरीला आणि सुयशला मी माकडांनी नेले असंच सांगितलं आहे. गौरीने दारातच "आईंचे लाडू?" म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून माकडं निघून गेली. तेव्हा फोनवर तुम्हीही माकडांबद्दल दोन शब्द हळहळून बोला. तीन होती, त्यातलं एक फार मोठं.

ता.क. दुसरा. तरी ती रडली. आईचे लाडू नकोत, आईंचे हवेत, म्हणाली. (दिवस भरत आले आहेत म्हणून मी काही बोलले नाही.) मी इथे डिंक, खारीक सगळं मिळवून करून पाहिले. वळतच नाहीत. सुयश चमच्याने खातो आणि "छान झालाय शिरा" म्हणतो. कृती फोनवर सांगू नका. दिवाळीत तुमच्या घरी बसून "पहिलं बाळंतपण आईनेच करायचं असतं" हे मी तीनदा म्हटलं, आणि तुम्ही काही न बोलता डिंक आणायला उठलात. ते मला पंपावर फार आठवलं. सुयशला कालच तुमच्या व्हिसाच्या अर्जाला बसवलं आहे; फक्त तुमच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो हवा. आजच पाठवा. स्वयंपाकघर लहान आहे आणि उजवीकडची शेगडी मी सोडणार नाही. डावी तुमची.