टाचणीखालची चिठ्ठी

३ मार्च

आले बाई एकदाची! हंगामी नोकऱ्यांत चार वर्षं चपला झिजवल्या, आता संग्रहालयात पक्की. काम आवडीचं: लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या एका प्रजातीत जाती नक्की किती, ते ठरवायचं. मिशांची लांबी मोजायची, पाठीवरचे ठिपके बघायचे, मग एक पाय तोडून त्यातून डीएनए काढायचा. भुंगेरे सांभाळणारे काका मोजकंच बोलतात. नव्या जातीला कुणाचंही नाव द्यावं, स्वतःचं देऊ नये, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं. मला काय ठाऊक नाही? माझ्या आधीच्या बाईंना नसावं. एका भुंगेऱ्याच्या टाचणीखाली जातीच्या नावाची चिठ्ठी आहे, तिच्यावर त्यांनी आपल्या मुलीचं नाव खोडून चक्क स्वतःचं लिहिलंय! आपलीच पाठ आपण थोपटायची, म्हणजे कमालच. त्या म्हणे चष्मा टेबलावर ठेवून गेल्या, त्या गेल्याच.

९ मार्च

नवी जात सापडली! मिशा अंगाच्या तिप्पट, पाठीवर एकच तांबडा ठिपका. ताईचं नाव दिलं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. फोनवर म्हणाली, अगं, किड्याला कसलं माझं नाव देतेस! पण खूश होती. चार वाजता त्याचा डावा मागचा पाय काढून नळीत टाकला.

१० मार्च

काल चार वाजता ताई जिन्यात पडली. डावा पाय लाकूड झालाय, सुई टोचली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. असेल.

१३ मार्च

निकाल आला. डीएनए माणसाचा! माझाच हात लागला असणार म्हणून माझ्याशी ताडून पाहिला. माझा नाही. अर्धा जुळतो. सख्ख्या बहिणीइतका.

काकांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, आतले अवयव पाहिल्याशिवाय वर्गीकरण पुरं होत नाही, उद्या चारला पोट उघडू.

१४ मार्च, दुपार

टाचणी उपसायला गेले, तोच ताईचा फोन. छातीत कळ— सोडली टाचणी.

ताईचं नाव खोडलं. शाईतून परत वर येतंय. तीनदा खोडलं—

त्या बाई. त्यांची मुलगी. आणि मी हसले होते त्यांना.

पावणेचार

लिहिलं. माझं.

ताईचा फोन. पाय हलतोय म्हणाली, रडत होती, हसत होती. मीही.

माझा डावा पाय लाकूड. उठता येत नाही. काका आले. चिठ्ठी वाचली, नुसती मान हलवली. मी ओरडतेय, त्यांना ऐकूच— कात्री घेतली— काका, अहो, मी इथे—