एकदा दहावे झालेल्या माणसाचे मृत्युपत्र

मी पंडित मोतीराम बोरसे, वय पंचाहत्तर, भारतीय नौदलाचा निवृत्त लेफ्टनंट, राहणार डिंडोली, सुरत, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेले नसताना हे लिहून ठेवतो.

डिंडोलीचे घर आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी चंचल हिची. दुसऱ्या कोणाचा त्यात हक्क नाही.

पुतण्या योगेंद्र म्हणतो, "काका, तुम्हाला मुलगा नाही. पाणी कोण देणार? घर माझ्या नावे करा, मी सगळं रीतसर करतो." बाळा, ते तुझ्या बापाने एकाहत्तरलाच केले आहे. युद्धात जहाज बुडाल्याची बातमी आली. ते आमचे नव्हते. पण थोरल्या धुडकूभाऊने गवताचा पुतळा जाळून माझे दहावे उरकले. कावळा लगेच शिवला म्हणे. भुकेला असणार. माझ्या बायकोने, पार्वतीने मात्र बांगड्या फोडू दिल्या नाहीत. म्हणाली, "कावळ्याला विचारून भरल्या नव्हत्या."

मी गणवेशात दारी आलो, तर भाऊ उंबऱ्यातच आडवा. "तुनं दहावं व्हई गयं. आते पाळणाम्हा बठ, नवं नाव ठेवूत." मेलेला परतला तर त्याने पुन्हा जन्मावे, अशी आमच्याकडची रीत. एवढ्या मिशा घेऊन मी पाळण्यात बसणार नव्हतो. पार्वतीचा हात धरला आणि निघालो. सातवी शिकून खलाशी झालो होतो. पुढची पुस्तके जहाजावरच वाचली, परीक्षा दिल्या, त्याच जुन्या नावाने अधिकारी झालो. निवृत्तीनंतर इथल्या हजीरा बंदरात जहाजे धक्क्याला लावली. तो उंबरा पुन्हा ओलांडला नाही.

पाळणा योगेंद्रच्या घरी आहे. तो त्यालाच राहू द्यावा.

मला पांढरा गणवेश घालावा. अग्नी चंचल देईल. राख हजीऱ्याच्या समुद्रात सोडावी. दहावे पुन्हा करू नये; कावळ्याला एकदा तसदी दिली तेवढी पुरे.

धुडकूभाऊवर माझा राग आहे, पण भाऊ तो एकच. म्हणून पहिला साक्षीदार मुद्दाम तोच. सहीच्या वर त्याने एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी. ती लिहिली की आमचा हिशेब मिटला.

ठिकाण : डिंडोली, सुरत
दिनांक : ४ डिसेंबर २०२५
सही : पंडित मोतीराम बोरसे

साक्षीदार २ : मगनभाई पटेल, शेजारी

साक्षीदार १ : माझा भाऊ पंडित जिवंत आहे. त्याने माझ्यासमोर सही केली.
धुडकू मोतीराम बोरसे