पूर्वेच्या स्टँडमधली माझी जागा

मी, एर्मिनिया साबाला, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पायसांदू, मैदानामागची गल्ली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवते. पाय गेले, हात जायला लागलेत. डोकं शाबूत आहे आणि तापलेलंही आहे, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

१. राहतं घर मुलगी ग्रिसेल्दा हिला. शिवणयंत्रही तिलाच. तिने ते विकलं तरी माझी हरकत नाही. तिला साधं बटण लावता येत नाही.

२. रिबेरा फुटबॉल क्लबच्या पूर्वेच्या स्टँडमधली, जिन्याच्या वरच्या तोंडाशी असलेली माझी कायमची जागा नात आयलेन हिला. आमच्या घराण्यात क्लबचं वेड आणि स्नायूंचा आजार दोन्ही रक्तातून उतरतात. ते तिला मृत्युपत्राविनाच मिळाले.

माझे पाय गेल्यावर भाऊ रुबेन मला पाठुंगळी घेऊन जिना चढायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तो माझ्यासकट पडला, त्याची कंबर कायमची गेली. मग क्लबने चाकाच्या खुर्च्यांसाठी चौथरा बांधला, तोही पाहुण्या संघाच्या लोकांच्या पायाशी, जाळीच्या आत. वरून थुंकी येते, कोमट पाणीही येतं. ते कसलं, हे विचारू नये. आपली माणसं मात्र मैदानाच्या पलीकडे.

मागच्या सामन्याहून आपल्या चाकाच्या खुर्चीतून एकटीच परत आलेली आयलेन म्हणाली, "आजी, मी नाही यायची आता. गोल झाल्यावर मी मिठी कुणाला मारू? जाळीला?"

आजार माझ्याकडून गेला, त्याला इलाज नव्हता. हे एकटेपण मात्र मी दिलेलं नाही, आणि ते मला झोपू देत नाही.

३. अध्यक्ष एव्हारिस्तो बासी यांच्याकडे रॅम्पसाठी हेलपाटे घालून माझ्या खुर्चीची चाकं झिजली. ते म्हणाले, "एर्मिनियाबाई, चार दांडगी पोरं देतो, उचलून नेतील. आपण घरचीच माणसं ना?"

मी म्हटलं, "घरच्यांनाच दाराबाहेर बसवता होय?"

ते हसले, माझ्या हातात माते, म्हणजे आमच्याकडच्या कडवट चहाचा पेला दिला आणि विषय संपवला. त्यांना मी माझी चाकाची खुर्ची देते. एक सामना त्यांनी तिच्यात बसून, त्या चौथऱ्यावरून पाहावा. गोल झाला तरी उठू नये.

४. रेडिओ रुबेनला. बाबा रे, मला लाज वाटायची ती लोकांची. तुझी कधीच नाही.

५. माझी राख. क्लबच्या रिवाजाप्रमाणे सभासदाची राख ढोल वाजवत त्याच्या जागेपर्यंत नेतात. बासींनी मला तसा शब्द आधीच देऊन ठेवलाय. राखेला जिन्याची अडचण नसते. पण मला कुणीही उचलून वर नेऊ नये. मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवावं. रॅम्प झाला आणि आयलेन आपल्या खुर्चीने वर निघाली, तर तिने मला मांडीवर घ्यावं. तोवर ढोल वाजवू नयेत. आणि रॅम्प झालाच नाही, तर मी फळीवरच राहीन.

हे मला वाचून दाखवलं, एकही शब्द मी मऊ करू दिलेला नाही. हात थरथरतो म्हणून सहीशेजारी अंगठाही दिला आहे.

एर्मिनिया साबाला

साक्षीदार: ओरेस्तेस पिरिस, पाववाला
नेल्ली उमपिएर्रेस, परिचारिका

पायसांदू, ९ ऑगस्ट २०१८