सहीची किल्ली आणि उघडा मेल

बदनापूर, १२ ऑगस्ट २००५

तीर्थरूप दादांस,

उषाचा नमस्कार. तुमची पाठ आता बरी असेल, वहिनींची शाळाही बराबर सुरू असेल. हैदराबादहून तुमच्याकडून आल्यापासून आई इथं चांगली रमलीय. सत्तरीतही गल्लीभर हिंडते.

तुम्ही कळवलंत, आईला परत हैदराबादला न्यायचं ठरलंय, ते तिच्या कानावर जायला नको आणि आमच्या घरात सगळ्यांचा मेलचा पत्ता एकच, तेव्हा मेलचा मजकूर कुलूपबंद करणारा तो किल्लीवाला प्रोग्रॅम वापर. मंग जालन्याला तातेरावांच्या नेट कॅफेत गेले (आईला घेऊनच, ती घरी एकटी थांबत नाही). कोणत्या प्रकारची किल्ली, असं प्रोग्रॅमने विचारलं. यादीतला दोन नंबर सुटसुटीत दिसला, तोच दाबला. 'पब' लिहिलेली किल्ली लोकांना वाटायची, तिने ते आपल्यासाठी मजकूर बंद करतात, आणि तो उघडायची 'सेक' लिहिलेली आपल्याजवळ ठेवायची, हे तुमच्या पत्रातून कळलं होतं. (किल्ली वाटायची, हे ऐकून आई म्हणाली, "मंग कुलूप कशाला?") 'पब' तुम्हाला पाठवली.

आठवड्याने गेलो तर तुमचा मेल उघडाच! तुझ्या किल्लीने मजकूर बंद होईना म्हणून तसाच पाठवतोय, असं वरती. मी चष्मा विसरून आल्ते, म्हणून तातेरावांनी बिचाऱ्यांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला, "आईला वीस तारखेला न्यायला येतो. आत्ता सांगू नकोस, उगीच रडेल."

आई शेजारच्याच खुर्चीत. रडली बिलकुल नाही. तातेरावांना म्हणाली, "ते बंद का झालं न्हाई, ते सांगा आधी."

त्यांनी माझ्या किल्लीची माहिती उघडली. वापराच्या जागी दोनच अक्षरं, एस आणि सी. एस म्हणजे सही करता येते. सी म्हणजे दुसऱ्याची किल्ली त्याचीच आहे, अशी ग्वाही देता येते. मजकूर बंद करायचं ई अक्षर नव्हतंच. मी निवडलेला प्रकार नुसता सहीचा निघाला. ई हवं तर 'सब' नावाची पोटकिल्ली जोडावी लागते. म्हणजे माझं लिहिणं माझंच, हे साऱ्या जगाला पटत होतं, पण मला गुपचूप काही सांगायची सोय नव्हती! आई दीड तास एकेका अक्षराचा अर्थ विचारत बसली. तातेरावांनी दोनदा चहा मागवला.

आता पोटकिल्ली जोडलीय. निर्धास्त लिहा.

तुमची,
उषा

ता. क. मला लिहू नका. आईने स्वतःची किल्ली करून घेतलीय, ई सकट. तिची 'पब' मेलने पाठवलीय. पासवर्ड ती मलाही सांगत नाही.

ता. क. २. वीस तारखेला येऊ नका. आधी तिला लिहून विचारा, कुठं राहायचंय. मला तरी कुठं माहीत आहे? मीही कधी विचारलं नाही.