रोजचा नवा पासवर्ड

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला आठवडाभर तुझ्याकडे पाठवतेय. मी हात टेकलेत. दिवसभर मोबाइल! दोन विषयांत दांडी गुल झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे ती माझ्याशी बोलतच नाही. मला त्याचीच भीती वाटते. सिमवरचा डेटा बंद केला, वायफायचा पासवर्ड रोज बदलते. बाईसाहेब दहा मिनिटांत शोधून काढतात! कधी तिचा दुधाचा दात पडला ती तारीख, कधी हरवलेल्या बाहुलीचं नाव. तिला कसं जमतं, हे कोडं सुटत नाही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणार, तिच्यावर डोळा कोण ठेवणार?

लोभ आहेच, या खेपेला जरा धाकही असावा.

तुझी,
ठकी

१२ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

धाक मला कुठला जमायला! पासवर्ड फ्रिजवर लिहून ठेवला. म्हटलं, मोकळी सोडली की आपोआप कंटाळेल. चार दिवस सोफ्यावरून हलली नाही. माझं शहाणपण पाण्यात गेलं.

पाचव्या दिवशी बाइंडिंगच्या टेबलाशी आली, पुठ्ठ्यांना खळ लावू लागली, आणि म्हणाली की इथे मजा नाही, शोधायला काहीच नसतं. मी खोदून विचारलं. तर म्हणे, आईला दिवसभरात माझं काहीतरी आठवतं ते फक्त पासवर्ड ठरवताना. आज काय आठवलं असेल, ते ओळखायचं. पुढचा सगळा नुसता टाइमपास.

तू रागावू नकोस हो तिच्यावर.

तुझा,
दादा

२४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावते कसली, रडले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ती आल्यावर मी मोबाइलबद्दल चकार शब्द काढला नाही. नवा पासवर्ड तेवढा ठेवला, आणि तो तिचा नाही, माझ्या लहानपणातला. तीन दिवस डोकं खाजवलं, मग दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. मी कोणत्या बाईंना घाबरायचे, मला काय व्हायचं होतं, विचारत राहिली. तेव्हापासून रोज येते. तुलाही फोन करेल, फुटू नकोस.

मोबाइल सुटला म्हणशील तर नाव नको. कालच कळलं, शेजारच्यांचा पासवर्ड तिला आठवड्यापासून माहीत आहे. तरी आज पाचाच्या ठोक्याला आली, स्टूल ओढलं आणि विचारलं, की मी तिच्याएवढी असताना माझ्या आईशी काय बोलायचे.

तुझा लोभ असाच राहो, आणि तोंड बंद.

तुझी,
ठकी