मनकर्णाच्या नावाचं तिकीट

बजाजनगर,
६ मे

प्रिय मनू,

हे पत्र तुला अख्तरीच्या हातून मिळेल, तुझ्या नव्या ब्लाउजांच्या घडीत. मोबाइलवर लिहिलं असतं, पण तुझा मोबाइल तुझ्याआधी कोण वाचतं ते मला ठाऊक नाय. काल अख्तरीच्या शिलाईच्या दुकानात विचारायला गेलो तर मशीन न थांबवताच म्हणाली, ‘‘ये आखरी बार, बद्री. मेरेकू डाकिया नको समझ.’’ कॉलेजात तिघं एका बाकावर बसायचो तेव्हाही ती अशीच तोडून बोलायची. मी व्हय म्हणालो आणि निघालो. म्हणजे हे पत्र शेवटचंच, ते तुलाही सांगून ठेवतो.

तुला माहीत नसेल, गेलं वर्षभर मी क्रांती चौकाजवळ जब्बारभाईंच्या टूर ऑफिसात कामाला होतो. त्याआधी वाळूजला एका कंपनीत लागलो होतो, तिथं सुपरवायझरशी वाजलं. तू म्हणशील, तुझं कुणाशी वाजलं नाय ते सांग. खरंय. पण जब्बारभाईंशी कधी वाजलं नाय. हिवाळ्यात मक्केला उमऱ्याला जाणारी म्हातारी माणसं, उन्हाळ्यात युरोपला जाणारी जोडपी, दोघांनाही ते सारख्याच अदबीनं पाणी विचारतात. ऑफिसात त्यांचा एकच कायदा. पासपोर्टाची झेरॉक्स समोर ठेवल्याशिवाय तिकिटावर नाव टाइप करायचं नाय. ‘‘लोगां अपना नाम भी गलत बताते, मियाँ. पासपोर्ट झूट नहीं बोलता.’’

मार्चात तुझे मिस्टर आले. अख्तरीनं दाखवलेल्या लग्नाच्या फोटोवरून मी ओळखलं, त्यांनी मला ओळखायचं कारणच नव्हतं. गॉगल टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘स्वित्झर्लंड करायचंय. मिसेसनं सगळं लिहूनच दिलंय, तुम्हाला काही डोकं लावायची गरज नाय.’’ आणि एक कागद पुढं केला. मनू, तो कागद मी वाचला नाय. वाचायची गरजच नव्हती. पहिल्या ओळीत वेंगन, ते डोंगरातलं गाव, बघितलं आणि पुढच्या सात दिवसांत काय आहे ते मला पाठ होतं; कॉलेजात आपण दोघांनीच ते तुझ्या वहीत आखलं होतं. दुसऱ्या दिवशी दातेरी रुळावरून डोंगर चढणारी गाडी, तिसऱ्या दिवशी धबधबे, चौथ्या दिवशी गाईंच्या कुरणातून पायी. आणि पाचव्या दिवशी, तुझ्या त्याच तिरप्या अक्षरात, ‘कुठंच जायचं नाही’.

आठवतं का तुला, तो पाचवा दिवस कसा ठरला? आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. त्या दिवशी मी पहिला तास बुडवून ड्रम भरायचो आणि ओल्या बाह्यांनी वर्गात यायचो, म्हणून तू हसायचीस. मग तू कुठंतरी वाचलंस, की तिकडच्या डोंगरातल्या गावांत रस्त्याच्या कडेला लाकडी कुंडं असतात आणि त्यांत डोंगराचं पाणी नुसतं पडत असतं. कुणी भरत नाय, कुणी बंद करत नाय. तू म्हणालीस, एक दिवस मला फक्त त्या कुंडाशेजारी बसायचंय. मी म्हणालो, एवढ्या लांब जाऊन नळ बघणार का? तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मीच तुझ्या वहीत पाचवा दिवस रिकामा सोडला, आणि तू त्यात ती ओळ लिहिलीस.

पासपोर्टाचे फॉर्मही आपण तेव्हाच भरले. जायला खिशात काही नव्हतं, पण पासपोर्ट असला की गेल्यासारखंच, हे तुझं गणित. तुझा फॉर्म मी भरला. मनकर्णा तात्यासाहेब, पुढं आडनाव. आजीचं नाव लावलं म्हणून तू घरच्यांवर रुसायचीस आणि मी मुद्दाम अख्खं नाव घेऊन हाक मारायचो. चौकशीला पोलीस फुलंब्रीला आला तर तात्यासाहेबांनी त्याला आधी चहा पाजला आणि मग हळूच विचारलं, ‘‘साहेब, पोरीनं काय केलं हो?’’ हे तू बस स्टँडवर नक्कल करून सांगितलंस तेव्हा हसून हसून तुझी फुलंब्रीची गाडी चुकली.

त्यानंतर दोनच महिन्यांत मी कॉलेज सोडलं. हजेरी कमी भरली म्हणून क्लार्कनं हॉलतिकीट अडवलं, आणि अर्ज कर म्हणाला तर मी तो अर्जच त्याच्यासमोर फाडला. तू व्हरांड्यात उभी होतीस. तिथून बघत राहिलीस. मला वाटलं, माझी ऐट बघतेय. पुढं तात्यासाहेबांनी तुला विचारलं असेल, की पोरगा काय करतो, तेव्हा तुझ्यापाशी सांगायला काय होतं? मी वर्षभर सगळ्यांना शिव्या दिल्या. तुझ्या घरच्यांना, तुझ्या सासरच्यांना, तुलाही. त्या व्हरांड्यातली तू मला फार उशिरा दिसलीस.

असो. मिस्टरांनी कागद परत मागितला, पेन काढलं आणि पाचव्या दिवसावर काट मारली. ‘‘एवढं लांब जाऊन हॉटेलात लोळायचं का? इथं एखादं ग्लेशियर टाका.’’ मी टाकलं. ‘टाकतो साहेब’ म्हणालो. मनू, आयुष्यात पहिल्यांदा मी राग गिळला आणि तो नको तिथं जाऊन बसला.

व्हिसाचे कागद जब्बारभाईंनी स्वतः भरले, पासपोर्टावरच्या नावानं. त्यांनी बोट दाखवलं तिथं साहेबांनी सह्या केल्या, वाचलं काहीच नाय. तिकिटं काढायचं काम माझ्याकडं आलं. तुझ्या मिस्टरांचा मेसेज होता, दोन नावं आणि दोन जन्मतारखा. तुझ्या तारखेसमोर लिहिलं होतं, अनन्या. अख्तरीनं मला लग्नातलं सांगितलं होतं. ताटात तांदूळ पसरले, त्यांनी अंगठीनं नाव लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मनकर्णा म्हणजे म्हातारीचं नाव, आमच्या घरात शोभत नाय, असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या म्हणे. तांदळात लिहिलेलं नाव पासपोर्टावर आपोआप उमटत नाय हे त्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाय. माझ्या ध्यानात आलं. तुझ्या पासपोर्टाची झेरॉक्स माझ्या उजव्या हाताला पडलेली होती. मी ती उलटी केली आणि तिकिटावर अनन्या टाइप केलं.

मला ठाऊक होतं काय होईल. मुंबईला विमानतळाच्या दारातच तुला अडवतील. साहेबांची मान खाली जाईल. वेंगन राहील, ग्लेशियर राहील. आणि माझ्यावर बोट कोण ठेवणार? गिऱ्हाइकानं लिहून दिलं तेच मी टाइप केलं. दहा दिवस मी खुशीत होतो, मनू. खोटं कशाला सांगू.

मग परवा शनिवारी मिस्टर विम्याचा फॉर्म घेऊन आले. तोही मीच टाइप करून दिला होता, अनन्या नावानं, आणि खाली तू सवयीनं मनकर्णा अशी सही केली होतीस. त्यांनी माझ्यासमोरच तुला फोन लावला, स्पीकरवर. ‘‘एक सही धड करता येत नाय का गं? किती वेळा सांगायचं, तुझं नाव काय म्हणून? चार माणसांत माझं हसं करतेस.’’ ऑफिसात आम्ही दोघंच होतो. तू म्हणालीस, ‘‘चुकलं माझं.’’ एवढंच. माझ्याशी भांडताना, स्वतःची चूक असतानासुद्धा, तू हे कधी म्हणाली नव्हतीस. आणि इथं तर तू बरोबर होतीस. त्या फॉर्मवर खरं असं एकच होतं, तुझी सही.

तेव्हा मला विमानतळाचं दार नीट दिसलं. मान त्यांची खाली जाणार नव्हती. मागं रांग, हातात बॅगा, आणि सगळ्यांदेखत ते तुलाच बोलणार. तू पुन्हा तेच दोन शब्द म्हणणार, माझ्या चुकीसाठी.

मी जब्बारभाईंपुढं जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तुझ्या पासपोर्टाची झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, ‘‘पहले नया टिकट निकाल. फिर कल से नको आना.’’ मी नवं तिकीट काढलं, पासपोर्ट समोर ठेवून, एकेक अक्षर जुळवून. विम्याचंही तसंच केलं. मग माझा डबा घेऊन निघालो.

आता नीट वाच, कारण पत्र याच्यासाठीच आहे. जब्बारभाईंनी तुझ्या मिस्टरांना फोन करून ऑफिसची चूक म्हणून सांगितलं, तर ते ‘बरं बरं, मोबाइलवर टाका’ म्हणाले आणि ठेवून दिला. त्यांनी जुनी प्रिंट प्लास्टिकच्या फाइलीत लावून ठेवलीय, दारात ते तीच पुढं करणार. नवे कागद या पाकिटात आहेत. चौदाला तुमचं विमान, त्याच्या आत जुने काढून फाड आणि हे लाव. कुणी विचारलं, नाव का बदललं, तर चुकलं म्हणू नकोस. चूक ऑफिसची, म्हणजे माझी, आणि ती मी उघड्या डोळ्यांनी केली, तू जाऊ नयेस म्हणून. आता तू जावंस असं मला वाटतं. दारातला जवान तिकीट आणि पासपोर्ट ताडून बघेल, कदाचित तुला नाव विचारेल. तेव्हा शेजारी कोण उभं आहे ते बघू नकोस. मोठ्यानं नाव सांग आणि आत जा.

अजूनही तुझाच,
बद्री